ज्याचा फोन ऐकला, त्याला कळवा

मंडळी, सुरुवात एका गठ्ठ्यापासून करतो.

काही वर्षांपूर्वी लाचेच्या एका खटल्यात मी आरोपीचा वकील होतो. आरोपपत्राची नक्कल हातात पडली, साडेचारशे पानांचा गठ्ठा, नाडीने बांधलेला. त्यातली शंभरएक पानं नुसत्या फोनवरच्या बोलण्याची होती. डावीकडे तारीख, वेळ, किती सेकंद बोलणं झालं ते. उजवीकडे दोघांचं बोलणं, टायपिस्टने जसंच्या तसं उतरवलेलं. हं, हो, बरं, सगळं. खटला ज्या पाच-सहा संभाषणांवर उभा होता ती मी वाचली आणि उरलेली पानं चाळू लागलो. एका संध्याकाळी आरोपीच्या बहिणीचा फोन आहे. ती विचारते, आईची रात्रीची गोळी अर्धी द्यायची की पूर्ण? तो म्हणतो, डॉक्टरांनी अर्धी सांगितलीय. पुढे कंसात टाइप केलंय: रडण्याचा आवाज. मग ती स्वतःच्या नवऱ्याबद्दल काही सांगते. ते मी इथे सांगणार नाही. ते मी वाचायलाच नको होतं.

त्या बाईंवर कसलाही आरोप नव्हता. साक्षीदारांच्या यादीतही त्यांचं नाव नव्हतं. पण त्यांचं रडणं तपास करणाऱ्यांनी ऐकलं, टायपिस्टने उतरवलं, सरकारी वकिलांनी वाचलं, कोर्टातल्या कारकुनाने शिक्का मारताना वाचलं असेल, आणि मी वाचलं. फक्त त्यांनाच कुणी कळवलं नाही की बाई, तुमचं बोलणं आम्ही ऐकलं. कळवायला हवं असं आपल्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. आज मला बोलायचंय ते या न कळवण्याबद्दल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. सरकारने कुणाचाही फोन कधीच ऐकू नये, असं मी म्हणत नाही. २००८च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर आणि सीमेपलीकडून त्यांना सूचना देणारे यांच्यातलं बोलणं हल्ला सुरू असतानाच ऐकलं गेलं, आणि पुढे खटल्यात तो मोलाचा पुरावा ठरला. ते ऐकायलाच हवं होतं. प्रश्न असा आहे की ऐकण्याचा हा अधिकार कुणाच्या सहीने वापरला जातो, ती सही बरोबर होती का हे कोण तपासतं, आणि चुकली असेल तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ते कळतं कसं.

आपल्याकडे फोन ऐकण्याचा कायदा परवापरवापर्यंत १८८५चा होता. भारतीय तार अधिनियम. कायदा तारेचा, पण फोन त्याच्याच पोटात. त्याच्या कलम ५(२)मध्ये दोन दारं होती. पहिल्या दाराशी विचारायचं, सार्वजनिक आणीबाणी आहे का, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे का? यांपैकी एक असेल तरच आत यायचं. मग दुसरं दार: देशाची सार्वभौमता आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यांपैकी एक कारण. दोन्ही दारं ओलांडली तरच फोनला हात लावता येतो. कागदावर हे वाईट नाही. पण कोणत्या वेळी कुणी अर्ज करायचा, किती दिवस ऐकायचं, ऐकलेल्याचं पुढे काय करायचं, याबद्दल शंभर वर्षांहून जास्त काळ एकही नियम नव्हता.

राज्यघटना लिहिली जात होती तेव्हा हा विषय कुणाच्या डोक्यात नव्हता असं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९४७मध्ये मूलभूत हक्कांचा जो मसुदा दिला, त्यात माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण हवं, असं कलम होतं. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता. उपसमितीत यावर चर्चा झाली, पोलिसांचं काम अडेल असे आक्षेप आले, आणि दोन्ही गोष्टी गळल्या. बाबासाहेबांचं ते वाक्य राहिलं असतं तर पुढची सत्तर वर्षं वेगळी गेली असती, असं मला मनापासून वाटतं.

ते राहिलं नाही, म्हणून खरक सिंग यांचं प्रकरण घडलं. उत्तर प्रदेशातला हा माणूस. १९४१मध्ये दरोड्याच्या गुन्ह्यात पकडला गेला आणि पुराव्याअभावी सुटला. पण पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट, म्हणजे सराईत गुन्हेगारांवर नजर ठेवण्यासाठीची नोंद, उघडली. मग गावचा चौकीदार, कधी शिपाई, रात्री-अपरात्री त्याच्या दाराशी येऊन दार ठोकायचे, ओरडायचे, झोपेतून उठवायचे. दुसऱ्या गावाला जायचं तर चौकीदाराला सांगून जायचं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ डिसेंबर १९६२ला सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्री घरात शिरणं घटनाबाह्य ठरवलं, पण बाकीची पाळत कायम ठेवली, कारण खासगीपणाचा हक्क घटनेत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत लिहिलं. मनावर सतत दडपण असेल तर मोकळं फिरणं कसलं, असा त्यांचा रोख होता. अल्पमत होतं ते. पंचावन्न वर्षांनी देशाने तेच मत स्वीकारलं.

या खटल्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. खरक सिंगना निदान कळत होतं. दार वाजत होतं. चौकीदाराचा चेहरा माहीत होता, आवाज ओळखीचा होता. म्हणून तर तो माणूस कोर्टात जाऊ शकला. फोन ऐकणारा चौकीदार दार वाजवत नाही.

आता १९९६. योगायोगाने तारीख तीच, १८ डिसेंबर. राजकीय नेत्यांचे फोन ऐकले जातात याचा गवगवा तोवर बराच झाला होता. कर्नाटकात रामकृष्ण हेगडेंना १९८८मध्ये याच आरोपापायी मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सीबीआयचा एक अहवाल बाहेर आला आणि पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि सगीर अहमद यांनी सांगितलं की फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, आणि ते ऐकणं म्हणजे घटनेच्या कलम २१ला, जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काला, हात घालणं. त्या निकालातलं एक निरीक्षण फार महत्त्वाचं आहे: सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेचा प्रश्न ही गुप्त गोष्ट नसते, ती कुणाही समंजस माणसाला दिसते. म्हणजे अधिकाऱ्याने फाइलवर लिहिलं म्हणून आणीबाणी होत नाही.

मग न्यायालयाने नियम घालून दिले. परवानगी फक्त केंद्राचे किंवा राज्याचे गृह सचिव देतील. आदेश दोन महिन्यांचा, वाढवत वाढवत फार तर सहा महिने. आणि या आदेशांवर एक पुनर्विलोकन समिती नजर ठेवेल. केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. याचिका करणाऱ्यांची मागणी होती की आधी न्यायाधीशांची परवानगी घ्यावी. न्यायालय म्हणालं, कायद्यात तशी तरतूद नाही, आम्ही ती घालू शकत नाही. संसदेने घालावी. संसदेने आजवर घातलेली नाही. २००७मध्ये हेच नियम तार नियमावलीत ४१९-अ म्हणून आले, आणि ६ डिसेंबर २०२४ला नव्या नियमांनी त्यांची जागा घेतली. सांगाडा तोच.

या समितीपाशी थोडं थांबू या. माहिती अधिकारात २०१३च्या सुमारास मिळालेल्या उत्तरानुसार एकटं केंद्र सरकार फोन ऐकण्याचे महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश काढत होतं. राज्यांचे वेगळे. समितीने भेटायचं दोन महिन्यांतून एकदा. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८च्या आपल्या अहवालात हाच हिशोब मांडला: दर बैठकीला पंधरा ते अठरा हजार आदेश तपासायचे, आणि हे अशक्यप्राय काम आहे.

तुम्हीच गुणाकार-भागाकार करा. देशाचे तीन सर्वांत कामात बुडालेले सचिव एका टेबलाशी बसले. समजा आठ तास बसले, चहालाही उठले नाहीत. आठ तासांचे सेकंद होतात अठ्ठावीस हजार आठशे. अठरा हजार आदेशांनी भागा. एका आदेशाला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ. मी आत्ता ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे दोन शब्द म्हटले, तेवढ्यात एका माणसाची फाइल संपली. त्या फाइलमध्ये कारण खरं आहे का, दुसऱ्या मार्गाने माहिती मिळाली नसती का, हे बघायचं असतं. आणि बघणारे कोण? ज्या सरकारने आदेश काढला त्याच सरकारचे अधिकारी. त्यांच्या सचोटीबद्दल मी एक शब्द काढत नाही. पण आपल्या घरातल्या भांडणाचा पंच आपल्या घरातला चालत नाही, हे आपण शाळेतल्या मुलांनाही शिकवतो.

कागदावर भिस्त ठेवली की काय होतं, याचं एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. अमर सिंह या राजकीय नेत्याचा फोन २००५मध्ये ऐकला गेला. फोन कंपनीने तो ऐकण्यासाठी कशाच्या आधारावर जोडून दिला? पोलिसांच्या नावाने आलेल्या एका पत्रावर. ते पत्र बनावट निघालं. २०११च्या निकालात न्यायालयाने नोंदवलं की पत्रात ढोबळ चुका भरलेल्या होत्या, नुसतं वाचलं असतं तरी शंका यावी अशा. तरीही ना कुणी पोलिसांना विचारलं, ना फोन जोडून द्यायचं थांबवलं. याचिका पुढे वेगळ्या कारणांनी फेटाळली गेली, पण ते पत्र माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या महाराष्ट्रातही २०२१च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत आरोप झाला होता, की लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांखाली, अमली पदार्थांचे व्यापारी म्हणून दाखवून ऐकले गेले. त्यावर गुन्हेही दाखल झाले आणि २०२३मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्यात खरं-खोटं काय, हे सांगणारा मी कोण? पण एक विचारतो: आदेशावरचं नाव खोटं असेल, तर समितीला ते कळायची काही सोय आहे का? ज्याचा नंबर आहे त्यालाच ते ओळखता येईल, आणि त्याला तर कळवायचंच नाही.

मग आपला फोन ऐकला जात होता, हे माणसाला कळतं तरी कधी? माझ्या अनुभवात एकच वाट आहे: खटला झाला तर. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक फार चांगला निकाल दिला. न्यायमूर्ती रणजित मोरे आणि न्यायमूर्ती जमादार यांचं खंडपीठ. मुंबईतल्या एका व्यावसायिकावर बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता. त्याचा फोन ऐकण्याचे तीन आदेश २००९ आणि २०१० सालचे. न्यायालयाने विचारलं, यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न कुठे आहे? तिन्ही आदेश रद्द झाले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात हाच मार्ग धरला. त्याच सुमारास दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र उलट सांगितलं, की भ्रष्टाचारही सार्वजनिक सुरक्षिततेत बसू शकतो. हा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटेल तेव्हा मिटेल.

मला त्या मुंबईच्या निकालातलं दुसरंच काही दाखवायचंय. आदेश २००९चे, न्याय मिळाला २०१९ला. दहा वर्षं. तोही का मिळाला? ते रेकॉर्डिंग पुरावा म्हणून पुढे आलं म्हणून. सहा महिने ऐकून काहीच हाती लागलं नसतं, तर आदेश तितकेच बेकायदा राहिले असते आणि त्या माणसाला जन्मात पत्ता लागला नसता. विचार करा, गुन्ह्याचा आरोप झालेल्याला निदान कोर्टात दाद मागता येते. ज्याने काहीच केलेलं नाही, ज्याच्या फोनवर गोळ्या-औषधं आणि पोरांच्या फिया यांखेरीज काही सापडलं नाही, त्याला कुठलीच दाद नाही. कायद्याने निर्दोष माणसाला आरोपीपेक्षाही दुबळं करून ठेवलंय.

कुणी म्हणेल, माहिती अधिकारात विचारावं. दिल्लीत एका वकिलाने विचारलं. माझा फोन ऐकला जातोय का, एवढंच. केंद्रीय माहिती आयोगाने त्याच्या बाजूने आदेश दिला, उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी तो कायम ठेवला. डिसेंबर २०२३मध्ये खंडपीठाने तो रद्द केला: अशी माहिती देणं देशाच्या सुरक्षिततेला बाधक ठरू शकतं, माहिती न देण्याची कलम ८ची सूट लागू. चालू असलेल्या तपासाबद्दल हे मला समजतं. पण ही सूट कायमची आहे. दहा वर्षांनी विचारलं तरी उत्तर तेच.

आता तुम्ही म्हणाल, २०१७मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क झाला ना? झाला. २४ ऑगस्ट २०१७. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, वयाची ऐंशी ओलांडल्यावर आधारच्या विरोधात गेलेले. सुनावणीत केंद्र सरकारने भूमिका घेतली की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, आणि आधार घेतला तो खरक सिंग निकालाचा. नऊ न्यायमूर्ती बसले आणि नऊही जणांनी एकमुखाने सांगितलं, हक्क आहे. त्याला हात घालायचा तर कायदा हवा, हेतू रास्त हवा, उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा. न्यायमूर्ती कौल यांनी त्यात गैरवापर रोखणारी कार्यपद्धती हवी हेही जोडलं. त्या दिवशी मी कोर्टाच्या बाररूममध्ये होतो. बातमी आली तेव्हा एका ज्येष्ठ वकिलांनी डोळे पुसले. मीही पुसले, सांगायला लाज वाटत नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी नवा कायदा लिहायची संधी आली. दूरसंचार अधिनियम, २०२३. डिसेंबरच्या त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे जवळपास दीडशे खासदार निलंबित होते, आणि लागोपाठच्या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केलं. १८८५चा कायदा गेला. त्याच्या जागी जे कलम २० आलं ते वाचा. एक व्यक्ती किंवा ‘व्यक्तींचा वर्ग’, एक संदेश किंवा ‘संदेशांचा वर्ग’, जुनीच भाषा, वर संदेश समजेल अशा स्वरूपात द्यायची सक्ती. न्यायाधीश नाही. कळवणं नाही. नऊ न्यायमूर्तींचा निकाल समोर असताना राणीच्या काळातलं कलम नव्या कागदावर उतरवलं. बेकायदा ऐकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन कोटींपर्यंत दंड आहे खरा, पण तक्रार करणार कोण?

टपालाचीही तीच गत. १९८६मध्ये पत्रं उघडण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, परतही पाठवलं नाही, आणि तो कायदा झालाच नाही. २०२३च्या पोस्ट ऑफिस कायद्याने तो अधिकार विनासायास दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ तर आणखी पुढचं आहे. त्याला ते पहिलं दारच नाही. आणीबाणी नको, सुरक्षिततेचा प्रश्न नको, कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढं कारण पुरतं. डिसेंबर २०१८च्या एका आदेशाने दहा यंत्रणांना त्याखाली अधिकार मिळाले. त्या बहिणीने फोनऐवजी ई-मेल लिहिला असता, तर तिचं संरक्षण आणखी निम्म्यावर आलं असतं. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही विचाराल म्हणून एवढंच सांगतो: समोरच्याच्या फोनमध्ये शिरून तो ताब्यात घेणं यातल्या कुठल्याच कायद्यात ‘संदेश ऐकणं’ म्हणून बसत नाही, आणि तो वेगळ्या संध्याकाळचा विषय आहे.

पोलीस खात्यातले माझे मित्र म्हणतात, वकीलसाहेब, कळवायला लागलो तर गुन्हेगार सावध होतील. अहो, आधी कळवा असं कोण म्हणतंय? ऐकणं संपल्यावर कळवा. आणि कळवणं आपल्याकडे नवीन नाही. पोलीस घराची झडती घ्यायला येतात तेव्हा काय होतं? दोन पंच असतात. घरमालकाला हजर राहू देतात. काय काय नेलं त्याची यादी होते, पंचांच्या सह्या होतात, यादीची प्रत घरमालकाला मिळते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत तर झडतीचं चित्रीकरण करायचं बंधन आहे. कपाटातला एक डबा नेला तरी पंचनामा. आणि सहा महिने एखाद्या घरातलं सगळं बोलणं नेलं, तर एका ओळीची चिठ्ठीसुद्धा नाही. पंचनाम्याची पद्धत पोलिसांच्या अंगवळणी पडलेली आहे. त्यामुळे तपास थांबलेले नाहीत.

दुसरे देश हे करतात. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर १९६८पासून न्यायाधीशांचा आदेश लागतो, आणि आदेशाची मुदत संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत त्या माणसाला लेखी कळवावं लागतं. उशीर करायचा तर न्यायाधीशांना कारण पटवायचं. शिवाय ज्या इतर लोकांचं बोलणं त्यात सापडलं, त्यांनाही कळवावं असं न्यायाधीशांना वाटलं तर तसा आदेश देता येतो. राष्ट्रीय सुरक्षेच्या हेरगिरीसाठी त्यांचा वेगळा कायदा आहे आणि तिथे ही सोय नाही, हेही सांगायला हवं. तिथलं सगळं गोड आहे असं नाही. जर्मनीत घटना न्यायालयाने १९७०मध्ये सांगितलं की हेतूला धोका उरला नाही की माणसाला कळवलंच पाहिजे. पुढे १९७८मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो कायदा तपासला आणि टिकवला, तेव्हा या कळवण्याची दखल घेतली.

पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते दक्षिण आफ्रिकेचं. तिथे न्यायाधीशाची परवानगी आधीपासून होती, म्हणजे आपल्यापेक्षा एक पायरी वर. पण कळवायला कायद्यानेच बंदी होती. सॅम सोल नावाचे एक शोधपत्रकार. २००८पासून त्यांना संशय होता. त्यांनी गुप्तचर यंत्रणेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे विचारणा केली. उत्तर आलं, काही गैर झालेलं नाही. फोन ऐकला का, याचं उत्तर नाहीच. २०१५मध्ये एका भलत्याच खटल्याच्या कागदपत्रांना त्यांच्या एका फोनचं लिखित संभाषण जोडलेलं निघालं. तसंच निघालं, जसं माझ्या गठ्ठ्यात निघालं होतं. ४ फेब्रुवारी २०२१ला तिथल्या घटना न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. कारण सरळ होतं: ज्याला माहीतच नाही, तो न्यायालयात येणार कसा? आणि कुणाला कधी कळणारच नाही ही खात्री असली की खोटे अर्ज करणारे निर्धास्त होतात. संसद दुरुस्ती करेपर्यंत नव्वद दिवसांत कळवायचं, असं न्यायालयाने स्वतःच ठरवून दिलं.

त्या बाई नंतर माझ्या ऑफिसात आल्या होत्या. भावाकडून त्यांना कळलं होतं. त्या चिडलेल्या नव्हत्या. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, त्या रेकॉर्डिंगची सीडी आता कुठे असते? नियम सांगतो की गरज नसलेल्या नोंदी दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या. मी तो नियम त्यांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, नष्ट केल्या हे मला कोण सांगणार? त्यांना उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, तेव्हापासून मी हा विषय घेऊन फिरतोय.

आणि यासाठी मोठा कायदाबदल लागतो असंही नाही. न्यायाधीशांची पूर्वपरवानगी हवी तर संसदेला दुरुस्ती करावी लागेल, आणि ती मागणी आपण सोडायची नाही. पण कळवण्याची तरतूद २०२४च्या नियमांत घालता येते. नियम सरकारने अधिसूचनेने केलेत, अधिसूचनेनेच सुधारता येतील. मी तीन वाक्यांचा मसुदा केलाय. वाचतो.

‘आदेशाची मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत, ज्या व्यक्तीचे संदेश ऐकले अथवा वाचले तिला आदेशाची तारीख, मुदत आणि कारण लेखी कळवावे. त्यात ज्या इतर व्यक्तींचे संभाषण नोंदले गेले, त्यांनाही तसे कळवून त्यांची नोंद नष्ट केल्याचे प्रमाणपत्र द्यावे. कळवण्यास विलंब करावयाचा झाल्यास उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची परवानगी घ्यावी आणि ती दर सहा महिन्यांनी नव्याने घ्यावी.’

दुसरं वाक्य त्या बाईंचं आहे. मी त्यांना विचारून घातलंय. मसुद्याच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत, वर आपल्या खासदारांचं नाव लिहायची जागा आहे आणि खाली तुमच्या सहीची. संसदेच्या पुढच्या अधिवेशनाआधी त्या पोचायला हव्यात, म्हणून जाताना घेऊन जा. आता ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी विचारा, मी थांबतो.